डाव्या मनगटाची सूज

"इथे काहीच सूज नाही," डॉक्टर अच्युतांनी ठामपणे सांगितलं आणि कलावतीबाईंचं डावं मनगट खाली ठेवलं.

गंधाली आणि शिशिर, दोघे तरुण डॉक्टर, एकमेकांकडे बघत राहिले. त्यांनी आधी वेगवेगळं तेच मनगट तपासलं होतं आणि दोघांच्याही बोटांना सूज लागली होती.

एकच पेशंट सगळ्यांनी स्वतंत्रपणे तपासायचा आणि मग ताडून बघायचं, ही पद्धत रायपूरच्या त्या इस्पितळात अच्युतांनीच सुरू केलेली. "माझी बोटं एक सांगतात, तुमची दुसरंच, मग संधिवाताच्या पेशंटनं औषध कोणाचं घ्यायचं?" असं ते नव्यांना दरडावत. आजवर चुकायचे ते नवेच.

"सर, एक बार फिर देख लें?" गंधाली हळूच म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाबलं, अंगठ्याचं नख पांढरं होईस्तोवर. बोटांना काही लागेना.

"दुखतं का, कलावतीबाई?"

पंडरीच्या कापडबाजारात साड्यांना फॉल लावून घर चालवणारी ही बाई. तिची आखडलेली बोटं पुन्हा सुईला लागली ती अच्युतांच्याच औषधानं.

"दुखून तं राहिलं साहेब. रात्री झोप नाही येत मले. पन तुमी नाही म्हनता, तं नसन सूज."

अच्युतांनी मनगट सोडलं. आज एकटे असते, तर त्यांनी औषध कमी केलं असतं, आणि या बाईनं ब्र न काढता ते ऐकलं असतं.

त्यांनी लगेच सोनोग्राफी करायला लावली. मनगटात पाणी साचलेलं पडद्यावर स्वच्छ दिसलं.

"हिवाळ्यापासून शर्टाची बटणं लावताना बोटं चाचपडतात माझी," ते म्हणाले. "रक्तातल्या साखरेनं बोटांची टोकं बधिर केलीत. मी वयावर ढकलत होतो." आवाज जराही कापला नाही. "यांचं औषध वाढवा. हिवाळ्यापासून मी तपासलेल्या सगळ्यांना परत बोलवा. यापुढे सांधे तुम्ही दोघं बघायचे. मी पेशंटशी बोलेन. डोकं अजून शाबूत आहे."

"पण सर..." शिशिर चाचरला.

"पण नाही. नियम मलाही लागू."

महिन्याभरानं कलावतीबाई आल्या. गंधाली समोरच बसली होती, पण बाईंनी सवयीनं दोन्ही हात अच्युतांपुढे धरले.

"झोप लागते का?"

"हव साहेब. मस्त लागते आता."

त्यांनी ते हात क्षणभर आपल्या हातांत धरले. मग अलगद उचलून गंधालीच्या हातांत दिले.