आधी आलेलं हसू

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये मराठी सिनेमा हवा असला, की लोक पेन ड्राइव्ह घेऊन गुणवंतरावांचं दार ठोठावायचे. दिल्लीत आपले सिनेमे लागतात कुठे, आणि लागले तरी सकाळी नऊच्या खेळाला नोएडाला मरायला जाणार कोण, हा त्यांचा बिनतोड मुद्दा. फाइलींची देवाणघेवाण करणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी कॉम्प्युटरवर टाकलं होतं. त्यातल्या ‘मराठी’ नावाच्या फोल्डरात जे ठेवाल, ते जगात कुणालाही उतरवून घेता यायचं. फुकट घेतो तर फुकट द्यावंही, म्हणून ते कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवत. या चोरीला ते समाजकार्य म्हणत, आणि मराठी मंडळाने त्याबद्दल त्यांना शाल-श्रीफळही दिलं होतं.

त्या रविवारी सकाळी नेट कंपनीतून फोन आला.

“सर, आपके कनेक्शन से एक मराठी फिल्म शेयर हो रही है. प्रोड्यूसर की शिकायत आई है. हटा दीजिए, नहीं तो लाइन बंद करनी पड़ेगी.”

गुणवंतराव आधी हसलेच. फोल्डर सिनेमांनी ठासून भरला होता. त्यातला नेमका कुठला, असं त्यांनी जरा मिजाशीतच विचारलं. त्या माणसाने नाव वाचून दाखवलं, ‘पाणपोई बंद आहे’. तक्रारीप्रमाणे तो मार्चपासून इथून जात होता, म्हणजे थिएटरात लागण्याच्याही आधीपासून. गुणवंतरावांची मिजास उतरली.

तो सिनेमा रेवतीचा होता. रेवती म्हणजे त्यांच्या बायकोच्या, अलकाताईंच्या, पुण्याच्या बहिणीची मुलगी. तिचा हा पहिलाच सिनेमा. प्रदर्शनाआधी तिने तो काकांना पाठवला होता, फक्त तुम्ही आणि मावशी बघा, असं बजावून. दोघांनी बघितला, डोळे पुसले. मग आयुष्यभर मंत्रालयात जिथली फाइल तिथे ठेवत आलेल्या गुणवंतरावांनी तो ‘मराठी’ फोल्डरात नीट ठेवून दिला. मनात पाप नव्हतं. डोकंही नव्हतं, एवढंच.

पुढे काय झालं ते साऱ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. सिनेमा लागायच्या आत लोकांच्या मोबाइलवर पोचला आणि आठवड्याभरात थिएटरांतून उतरला. संशय आला साकेतवर. साकेत त्या सिनेमाचा एडिटर, आणि त्याचं नि रेवतीचं लग्न ठरत आलं होतं. तेव्हा रेवतीने रडत काकांना फोन केला होता. काकांनी सल्ला दिला होता, की फाइल ज्याच्या हातात होती त्यालाच धरायचं, आमच्या खात्यात असंच करतात. साकेत शपथा घेत राहिला आणि लग्न मोडलं. त्या सल्ल्याबद्दल रेवतीची आई आजही त्यांचे आभार मानायची.

आणि आज रेवती त्यांच्याच घरी, आतल्या खोलीत केस विंचरत होती. दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये तिच्या सिनेमाचा खेळ ठेवला होता. गुणवंतरावांनी सिनेमा पुसून टाकला, इंटरनेटची वायर उपटली आणि अलकाताईंना सांगितलं, काही नाही, बिलाचा फोन होता.

हॉल गच्च भरला. लोक मनापासून हसत होते, पण हसू आधी येत होतं. नायिकेचा बाप तोंड उघडायच्या आतच मागच्या रांगा खिदळायच्या. एका ठिकाणी कुणीतरी पुढचं वाक्य मोठ्याने म्हणूनही टाकलं. रेवतीने काकांच्या कानाशी वाकून म्हटलं, की या सगळ्यांनी आधीच पाहिलाय. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. गुणवंतराव ‘हं’ म्हणाले आणि अंधार आहे हे बरं, असं त्यांना वाटलं. असं वाटल्याचीच मग त्यांना जास्त लाज वाटली.

खेळानंतर मंडळाचे अध्यक्ष शांताराम यांनी भाषण केलं आणि दिल्लीत मराठी सिनेमा जिवंत ठेवल्याबद्दल गुणवंतरावांना उभं राहायला लावलं. टाळ्या पडल्या. रेवतीसुद्धा टाळ्या वाजवत होती. ते उभे राहिले खरे, पण मान वर होईना.

घरी आल्यावर चपलाही न काढता ते तिच्यासमोर उभे राहिले.

“रेवती, तो साकेतने बाहेर काढला नव्हता. माझ्या कॉम्प्युटरवरून गेला. सकाळी नेट कंपनीचा फोन आला होता.”

अलकाताई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. रेवतीने खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली. ती ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

“माझ्याशिवाय कॉपी दोघांकडेच होती, काका. त्याच्याकडे आणि तुमच्याकडे.”

“मग मला विचारायचं होतंस.”

“तुम्हाला विचारायचं मनातसुद्धा आलं नाही.”

हे त्यांना जिव्हारी लागलं. ते घाईघाईने म्हणू लागले, की मी साकेतला सविस्तर पत्र लिहितो, प्रोड्यूसरलाही लिहितो, सगळं माझ्या सहीनिशी. रेवतीने ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. तिने मोबाइल काढला, साकेतचा नंबर लावला आणि तो त्यांच्या हातात ठेवला. मग ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

एकच रिंग झाली.

“रेवू?” पलीकडचा आवाज आनंदाने कापत होता. “रेवू, बोल ना. मला माहीत होतं तू फोन करशील.”

गुणवंतरावांनी घसा खाकरला. त्या पोराच्या आनंदावर आता त्यांनाच पाणी फिरवायचं होतं.

“रेवती नाही,” ते म्हणाले. “मी तिचा काका बोलतोय.”