राणीचं घर

...आणि छर्र्याच्या पोटावरचा तो तिळाएवढा उजेड पुन्हा उजवीकडेच आला होता. छर्रा, ती पोलादी गोळी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, वरच्या कमानीतल्या शेवटच्या खिळ्याला टेकून, जाऊ की नको करत थरथरत होता, आणि धाऊचं लक्ष मात्र त्या ठिपक्याकडे. जत्रेत गॅसबत्ती उजवीकडे टांगलेली होती, म्हणजे उजेड उजवीकडेच हवा, हे बरोबर, तरी आठवणीतल्या छर्र्यावर डावीकडेही एक चमक होती, बारीक, निळसर... डावीकडे निळं काय होतं? एवढ्यात छर्रा खिळ्यावरून घसरला आणि राणीच्या घराची कड चाटून, दरवेळेसारखा, पाटाच्या तळच्या गटारात गेला. टिक्. टिक्. ठण्ण.

राणीचं घर रिकामं. आजही.

बॅगाटेल म्हणा, नाहीतर म्हसा गावच्या जत्रेत म्हणायचे तसं खिळ्यांचा पाट म्हणा, खेळ एवढासाच. उतरता पाट, त्यावर खिळ्यांची कुंपणं, कुंपणात गुणांची घरं, सगळ्यात जास्त गुणांचं ते राणीचं, आणि उजव्या अंगाला स्प्रिंगचा दट्ट्या. पुढे शहरातल्या शहाण्यांनी त्याला पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं की पडणाऱ्या छर्र्याला फटका मारून परत वर धाडणाऱ्या. धाऊला तो प्रकार मान्य नव्हता. पडणाऱ्याला पडू द्यावं. दट्ट्या ओढायचा, सोडायचा, आणि मग हात मागे घेऊन बघत राहायचं — सगळा शहाणपणा त्या ओढण्यात, पुढचं खिळ्यांच्या हवाली.

मुरबाडच्या एका कारखान्यात त्याने जन्मभर यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढले, आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. बायको जनी गेली, आणि किन्हवलीच्या या घरात आवाज करणारं दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा तो असले पाट पडद्यावर बांधायला शिकला. एका पाटात माहुली किल्ल्याच्या सुळक्यांसारखे खिळे रोवले. दुसऱ्यात कसाऱ्याच्या घाटाची वळणं केली आणि सगळ्यात अवघड वळणावर सगळ्यात मोठे गुण ठेवले. इंटरनेटवर टाकले की लोक खेळतात म्हणे. कुठले कुठले लोक. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा वाढतो, म्हणजे जगात कुणीतरी आत्ता दट्ट्या सोडला — कोण, काय जेवून बसलाय, घरात त्याला हाक मारणारं कुणी आहे की नाही, काही कळत नाही. आकडा वाढतो आणि घर गप्प राहतं.

हा तिसरा पाट मात्र खरा होता. जनीच्या थोरल्या भावाचा, गोमाचा. गोमा दर साली म्हशाला, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात, हा पाट मांडायचा. त्याच्या माघारी पाट धाऊकडे आला तो वाळवीने खाल्लेला, दट्ट्या गंजून गेलेला. पण खिळ्यांची भोकं शाबूत होती, आणि धाऊने ती एकेक मोजून जशीच्या तशी पडद्यावर उतरवली. खाली गोष्टही लिहिली. लिहिणारच. ती गोष्ट नसती तर पाट कशाला बांधला असता?

गोष्ट अशी, की पोरसवदा धाऊने या पाटावर राणीच्या घरात छर्रा घातला होता. गोमाच्या हयातीत दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं ते. बक्षीस म्हणून थर्मास मिळाला, लाल, पांढऱ्या फुलांचा. आणि त्या काळी किन्हवलीत गरम ठेवण्याजोगं कुणाकडे काही नसल्यामुळे त्यात वर्षभर ताक ठेवलं. गोमा एवढा थक्क झाला की म्हणाला, असा सरळ हात मी पाहिला नाही, माझी बहीण करून घे. पहिल्यांदा सांगताना छर्रा खिळ्यावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत थांबला होता. पुढे तो एवढा वेळ थांबायला लागला की गोमाने तेवढ्यात विडी पेटवली. मग ती विडी ओढून संपली. मग जत्रेतला पाळणा थांबला, वर टांगलेली माणसं तशीच टांगून राहिली, विकायला आणलेल्या बैलांनी माना वळवल्या, आणि एका साली, पाहुणे जरा जास्तच भाबडे होते, तेव्हा एका बैलाने मालकाला विचारलं, पडला का रे? जनी चुलीशी बसून ऐकायची. छर्रा खिळ्यावर आला की नेमकी विचारायची, "आनि मंग?" आणि उत्तराला न थांबता आत निघून जायची. धाऊला वाटायचं, कंटाळली.

आता कुणी विचारत नाही, धाऊच्या मनात आलं. मी मनातल्या मनात सांगत जातो, खिळ्यापाशी येतो, आणि तिथेच थांबतो — आनि मंग, कुणी म्हणायलाच हवं ना.

आणि काल ते पत्र आलं. कुठल्याशा थंड मुलखातला माणूस, असे जुने पाट खेळण्यात म्हातारा झालेला. फोनने त्याच्या भाषेचं मराठी करून दिलं ते असं: "प्रिय निर्मात्या, आपला पाट सुंदर आहे. परंतु आपली राणी अप्राप्य आहे. कमानीचा अखेरचा खिळा केसभर सरकवावा. आपली कथा मनोरंजक वाटली."

मनोरंजक!

धाऊने सकाळी कॉम्प्युटरलाच दट्ट्या ओढायला लावला, हलका, भारी, मधला, उतार कमी करून, वाढवून. आणि स्वतः आंघोळीला गेला. अंग पुसत आला तेव्हा छर्रे अजून पडत होते, टिक् टिक् ठण्ण, खाचरात भात झोडपल्यासारखे, आणि राणीच्या घरात एकही नाही. खिळा केसभर सरकवला की मात्र सुखाने जात होते; दोनदा सरकवून पाहिला, दोनदा परत जागेवर आणला. बैल खोटा, विडी खोटी, त्याचं काही नव्हतं, ती मी घातलेली. पण त्यांच्या तळाशी एक खरा छर्रा होता आणि त्याच्यावर सगळं उभं होतं, जनीसुद्धा. तोच पडला नसेल तर गोमाने बहीण कुणाला दिली? इतकी वर्षं या घरात कोण राहिलं?

"काय ओ भावजी, अजून गोट्याच खेळता?"

शेजारची ठकी ताटली घेऊन आली होती. जनीची मैत्रीण, जनी गेल्यापासून जेवणाची ताटली तिच्या घरून येते आणि ताटलीबरोबर बोलणीही.

"गोट्या नाय गो वयनी. काम हाय ह्ये."

"काम? मंग घाम कुठं हाय?"

ती हसत वळली आणि तिची मांडी टेबलाला धाडकन लागली. पेल्यातलं पाणी सांडलं, ताटलीतली भाकरी सरकली, टेबल हललं, पडदासुद्धा हलला. पडद्यातला छर्रा खिळ्याला टेकला होता. तो तेवढा हलला नाही. आपल्या वेळेने घसरला आणि गटारात गेला.

"आं? ह्यो कसा नाय हलला?" ठकीने मांडी चोळत विचारलं.

"तो हितं नाय ना."

"मंग कुठं हाय?"

धाऊने सांडलेलं पाणी पुसायला घेतलं. एरवी त्याने तीन उत्तरं दिली असती. ठकीची नजर फळीवरच्या थर्मासकडे गेली. "जनी लय हसायची त्याला."

"का?"

"बोलायची, ह्ये म्हनतात मी जिंकला, तर म्हनू दे. आनला मीच."

"माहेरचा म्हनून बोलत असल."

"असल बाबा. पदर तोंडात धरून हसायची पन, डोळ्यांत पानी येईस्तवर. जेवा आता, निवतंय."

ती गेली. भाकरी निवत राहिली. आनला मीच... पडद्यावरच्या पाटाला काच होती, आणि धाऊ तिच्याकडे बघत राहिला, कारण ती काच त्याने स्वतः बसवली होती. आवाज भरताना, खिळ्यांची टिकटिक झाली, गटाराचं ठण्ण झालं, पण आठवणीत आणखी एक आवाज होता, छर्रा पडण्याच्या जरा आधीचा, काचेचा, किणकिण. पेल्यावर चमचा वाजवून त्याने तो भरला होता, आणि काचेचा आवाज म्हणजे पाटावर काच असणार म्हणून काच बसवली होती. नकाशे काढणारा माणूस! खऱ्या पाटाच्या चौकटीला काच बसायला खाचच नाही, हे त्याने मोजताना पाहिलं होतं आणि पाहूनही पाहिलं नव्हतं. काच कशी असेल? गटारात पडलेले छर्रे हातानेच उचलून परत द्यायचे ना. खाली, डाव्या कोपऱ्यातून. द्यायचं कोण? गोमा तर उजवीकडे उभा, छडी घेऊन. पाटाला बोट लावील त्याच्या बोटावर छडी. डावीकडून एक हात छर्रे द्यायचा. हात आठवतो. मनगटाला जत्रेतल्याच नव्या, निळ्या काचेच्या...

धाऊ उठून दाराशी गेला. "वयनी! आजून काय बोलायची ती?"

"कोन?" ठकी तिच्या अंगणातून ओरडली.

"जनी! थर्मासाचं!"

"आता मला काय म्हायती! तुमच्या घरातली, तुमीच इचारायचं व्हतं!"

तो परत येऊन बसला. धक्का द्यायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून होती, एक बटण; त्याने ती बंद ठेवली होती, गोमाची शिस्त म्हणून. आता चालू केली. काच काढून टाकली. दट्ट्या ओढला, सोडला. छर्रा कमानीवरून आला, शेवटच्या खिळ्याला टेकला, जाऊ की नको करू लागला, आणि धाऊने डावीकडून, अगदी हलका, भरलेल्या हंड्याला कमरेने सावरावं तेवढाच धक्का दिला.

छर्रा राणीच्या घरात जाऊन बसला. सहज, जसा काही घरीच आला.

पहिल्यांदा त्याला राग आला. एवढी वर्षं! पाहुण्यांसमोर, सोयऱ्यांसमोर, मी बैलांच्या माना वळवत होतो आणि ही चुलीशी बसून — आनि मंग? — आणि आत जाऊन पदर तोंडात! मग हसू आलं, ते आवाजासकट आलं, आणि रिकाम्या घरात आपलं हसणं ऐकून तो दचकून गप्प झाला. गोमाला कळलं असेल? की त्यानेही विडी पेटवण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं? विडी खोटी ना पण... होती की काय खरंच? आणि जनीने तो धक्का मुद्दाम दिला, की खाचरातल्या भाताच्या खुंटात पाय अडकून कंबर लागली नुसती? मुद्दाम असेल तर तिने मला आधी पाहिलं होतं, मी तिला पाहायच्या किती आधी. चुकून असेल तर... चुकून असेल तरी ती कधी बोलली नाही. ते बक्षीस तिने माझ्याकडेच राहू दिलं.

थंड मुलखातल्या माणसाला उत्तर लिहायला घेतलं: राणी अप्राप्य नाही. खिळा सरकवणार नाही, एवढं लिहिलं, आणि पत्र तसंच ठेवलं.

मग त्याने पाटाच्या चित्राची चौकट धरून डावीकडे ओढली, पाट जिथे संपत होता त्याच्याही पलीकडे. तिथे आजवर काही नव्हतंच. आता पांढरी मोकळी जागा झाली, माणूस उभं राहील एवढी. तिथे तो भरणार होता... एरवी काय, पाळणा थांबवणारा माणूस मी, बैलाला बोलायला लावणारा, एक उभी पोर घालायला किती वेळ? लुगड्याचा रंग टाकावा कुठलाही. निळ्या बांगड्या तर ठाऊकच आहेत. ती छर्र्याकडे बघत होती की माझ्याकडे, तेही ठरवून टाकावं, विचारणारं कोण आहे?

हात माउसवर राहिला. जागा पांढरीच राहिली. दट्ट्यावर वाकलेला मी, जीभ दातांत, डोळे छर्र्याला चिकटलेले — आणि डाव्या गालावर, इतक्या वर्षांनी, कुणीतरी बघत असल्याची ऊब. मान वळवायचं मात्र धाडस होईना.