दाराबाहेरचा एमेट

लॉवेल हाउगेनने चौतीस वर्षं गद्यकविता लिहिल्या. यमक नाही, तोडलेल्या ओळी नाहीत. पानावर विटेसारखा एक चौकोनी परिच्छेद. कवितेच्या बक्षीस समित्या म्हणत, या गोष्टी आहेत. गोष्टींची मासिकं म्हणत, ही कविता आहे. नऊ बारीक पुस्तकं निघाली, ती मित्रांनीच घेतली. नाव झालं ते एका कवितेने. तिच्यात मिनेसोटातल्या शेतावर, हिमवादळात, बाप दारू प्यायलेल्या गड्याला, एमेटला, अद्दल घडवायला आतून कडी लावतो. सकाळी एमेट गोठ्याच्या भिंतीशी गोठलेला सापडतो.

एमेट नावाचा गडी लॉवेलच्या वडिलांकडे खराच होता. पण तो मोंटानात कामाला गेला आणि पुढे वीस वर्षं नाताळची कार्डं पाठवत राहिला. कडी, वादळ, प्रेत, सगळं लॉवेलने रचलेलं. नाव तेवढं बदललं नव्हतं. ते वाक्यात नीट बसत होतं.

ऑक्टोबरात धाकट्या बहिणीचा, आर्लिसचा, फोन आला. वडील एकोणनव्वद वर्षांचे, वृद्धाश्रमात होते. आठवणींचा गुंता होऊ लागला होता.

“इथल्या एका बाईने कौतुकाने तुझी कविता त्यांना वाचून दाखवली,” आर्लिस म्हणाली. “आता रोज पाद्रीला बोलावतात. मी माणूस मारला म्हणतात. नीट जेवतही नाहीत.”

“सांग ना त्यांना, ते रचलेलं आहे.”

“मी का सांगू? लिहिलंस तू. तूच ये.”

लॉवेल गेला. “बाबा, एमेट तसा मेला नाही. ती कविता आहे.”

“कविता कळते मला. यमक असतं तिला. हे सरळ लिहिलंय, पेपरात असतं तसं.”

आर्लिसने जुनी कार्डं पुढे केली. वडिलांनी ती उलटसुलट पाहिली. “त्याच्या बायकोने पाठवली असतील.”

“त्याचं लग्नच झालं नव्हतं, बाबा.”

“म्हणजे बिचाऱ्याला कुणीच नव्हतं,” वडील म्हणाले आणि रडू लागले.

बाहेर आल्यावर आर्लिस म्हणाली, “छापलेलंच खरं मानतात ना? मग दुसरं छाप.”

न्यूयॉर्कचा एक मोठा प्रकाशक प्रथमच लॉवेलच्या निवडक कविता काढत होता. शेवटच्या पानावर तीच कविता होती. लॉवेलने ती नव्याने लिहिली: बाप दार उघडतो, एमेटला चुलीशी बसवतो, कॉफी देतो.

“आधीची अंगावर येत होती,” संपादिका फोनवर म्हणाली. “ही शेजाऱ्याच्या पत्रासारखी झालीय.”

“झाली आहे खरी. आधीची काढा, हीच छापा.”

एप्रिलमध्ये पुस्तक आलं. वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ आता कोपरापर्यंत सरकत होतं. लॉवेलने पलंगाशी बसून नवी कविता वाचली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि त्याचा हात थोपटला.

“हे मात्र तू रचलंयस. मला बरं वाटावं म्हणून. लहानपणापासून मऊच तू.” थोड्या वेळाने म्हणाले, “आता खरी वाच.”

“ती पुस्तकात नाही, बाबा.”

“तुला पाठ असेल.”

लॉवेलने आर्लिसकडे पाहिलं. ती पाठ फिरवून खिडकीशी उभी राहिली. तो म्हणू लागला. कडीच्या वाक्याशी वडिलांचे ओठही हलू लागले.