अर्ध्या चेहऱ्याचं कव्हर

हिरॉइनच्या गालावरचे तीळ पुसण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. सिनेमाच्या मासिकात मी कव्हर करायची. इतके तीळ पुसले, इतके तीळ पुसले, की गोळा करून ठेवले असते तर डबे कमी पडले असते. एका हिरोची तर हनुवटीच मी ब्रशने वर उचलली होती, आणि पुढे तो भेटला तेव्हा ती खरोखरच वर गेलेली होती! खोटं सांगत असेन तर माझी कवळी आत्ता गळून पडो.

तर अशी मी, आणि माझी ती खिडकीजवळची खुर्ची. तिथे बसून मी ब्लेडने फोटो कापायची, डिंकाने चिकटवायची, वर अक्षरं मांडायची. घरात सांगायला मी अमक्याची सून, तमक्याची बायको. त्या खुर्चीत बसलं की मी फक्त मी.

आणि एके दिवशी संपादक म्हणाले, "बाई, मागच्या तीन अंकांचे गठ्ठेच्या गठ्ठे न विकता परत आलेत. जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. हा अंक शेवटचा. हाही परत आला, तर तुमची खुर्ची माझ्या भाच्याला."

हा भाचा परदेशात चित्रकला शिकून आला होता. घरातसुद्धा काळा चष्मा लावायचा. जो माणूस रंग काळ्या काचेतून बघतो, तो माझ्या खुर्चीत बसणार! माझं तर डोकंच फिरलं.

घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. वाटलं, म्हणतील, बरं झालं, आता घर सांभाळ. त्या म्हणाल्या, "चूक काय झाली ते बघितलंस का?"

"बघतेच की रोज. टेबलावर दिवा लावून, भिंग लावून बघते."

"टेबलावर कोण विकत घेतं गं तुझं मासिक? चल, चप्पल घाल."

आमच्या ऑफिसच्या समोरच, रस्त्यापलीकडे पेपरवाल्याचा स्टॉल होता. सात वर्षांत आमच्यापैकी एकही जण तिथे बघायला गेला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आम्ही दोघी अलीकडच्या फुटपाथवर उभ्या राहिलो.

"कुठंय तुझा अंक?"

"ते काय, दोरीवर, तिसरा."

सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला. "मला तर कान दिसतोय."

मी बघितलं. पेपरवाला चिमटे लावून मासिकं दोरीवर टांगायचा, पण हल्ली मासिकं वाढलेली आणि जागा कमी, म्हणून एकावर एक चढवून. पत्त्यांचा पंखा करतात ना, तसं. प्रत्येक मासिकाची फक्त डावीकडची चार बोटं पट्टी दिसायची, बाकी सगळं शेजारच्या मासिकाखाली. आणि आम्ही हिरॉइनचा चेहरा मोठ्या थाटात बरोब्बर मधोमध छापायचो! सात वर्षं मी डोळे रंगवले, ओठ रंगवले, आणि लोकांना विकत काय होते? कान!

"तरी कान चांगला आलाय हो," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी कात्री घेतली आणि त्या महिन्याच्या हिरॉइनचा चेहरा सरळ उभा चिरला. अर्धा चेहरा डाव्या कडेला चिकटवला. एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ, आणि त्या डोळ्यात एकच थेंब पाणी. मागे हळदीसारखा पिवळा रंग. थेंबाखाली, त्याच पट्टीत, एकाखाली एक तीन शब्द: हिला. कोणी. रडवलं?

संपादकांनी ते बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "ही अर्धीच आहे."

"हो."

"उरलेली अर्धी काय पुढच्या अंकात देणार? आणि हिला रडवलं कोणी?"

"कांद्याने. शूटिंगमध्ये स्वयंपाक करताना. आत तुमच्याच मुलाखतीत आहे, पान बावीस."

भाचा काळ्या चष्म्याआडून म्हणाला, "मामा, असं परदेशात कोणी करत नाही."

"परदेशातली दोरी लांब असेल," मी म्हटलं. "साहेब, खाली चला. पाच मिनिटं. नाही पटलं तर मी स्वतः खुर्ची पुसून देते यांना."

मी ते कव्हर मागच्या महिन्याच्या, जिन्यात पडलेल्या अंकाला चिकटवलं. पेपरवाल्याने ते दोरीवर बाकीच्यांत अडकवलं. आम्ही तिघं रस्त्याअलीकडे उभे. सासूबाईही आल्या होत्या, सहज, भाजीची पिशवी घेऊन, भाजी बाजार उलट्या दिशेला असताना.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. संपादक घड्याळ बघायला लागले, भाचा शीळ वाजवायला लागला. एवढ्यात एक सायकलवाला वळून वळून त्या डोळ्याकडे बघत गेला आणि थेट खांबावर! खांब थोडा वाकला, तो अजून तसाच आहे म्हणतात.

मग एक बाई आली. घाईत होती, पुढे निघून गेली. चार पावलांवर थांबली. मागे आली. दोरीवरच्या बाकी सगळ्या मासिकांना ओलांडून हात घातला, आमचा अंक ओढला, पैसे टाकले आणि चालायला लागली.

"अहो, तो विकायचा नाही!" पेपरवाला ओरडला.

"मग टांगलायस कशाला?" ती बाई म्हणाली. आणि सोडेना! जो अंक महिनाभर कोणी फुकट नेला नसता, तो तिने पोटाशी धरला होता.

चालता चालता तिने पानं चाळली आणि गर्रकन वळली. "यात तर लिहिलंच नाहीये, हिला कोणी रडवलं ते!"

मी तोंड उघडायच्या आत संपादकच रस्ता ओलांडून धावले. गाड्या करकचून थांबल्या. "ताई, येतंय! सोमवारी येतंय! पान बावीस!"

"नक्की ना? मग माझा एक बाजूला ठेवा," ती म्हणाली, "आणि एक माझ्या जावेचा. नाहीतर ती माझाच पळवेल."

संपादक परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. "बाई," ते म्हणाले, "डोळ्यातला थेंब जरा मोठा करता येईल का?"

"नाही येणार," मी म्हटलं. "थेंब मी ठरवणार."

सोमवारी अंक आला. दुपारी जेवायच्या आधी संपला. छापखान्याला पुन्हा यंत्र चालू करावं लागलं, ते इतकं तापलं की कामगारांनी म्हणे त्यावर हात शेकले. गठ्ठा परत आला नाही, एकही नाही. जिन्यातले जुने अंकही लोक मागायला लागले. आणि त्या हिरॉइनचा ऑफिसात फोन आला. आम्ही सगळे उभेच राहिलो, आता शिव्या बसणार म्हणून. ती म्हणाली, "पुढच्या वेळी माझी उजवी बाजू घ्या. ती जास्त रडकी दिसते."

दोन महिन्यांत गावातल्या सगळ्या मासिकांवर अर्धे चेहरे आले. दोरीकडे बघितलं की वाटायचं, सगळ्या सिनेमावाल्यांनी दाराआडून डोकावायचं ठरवलंय. तोवर मी पुढे गेले होते. माझ्या पट्टीत आता फक्त एक हात होता, दार ढकलणारा. कोणाचा, ते आत.

आता दर महिन्याला अंक छापायला जायच्या आधी सगळं ऑफिस खाली उतरायचं आणि रस्त्याअलीकडे रांगेत उभं राहायचं. भाच्यालाही काम दिलं मी. नजर चांगली होती त्याची, चष्मा काढल्यावर.

आणि पहिल्या पानावर, संपादकांच्या नावाखाली, त्याच टाइपात, माझं नाव छापून आलं. सासूबाईंनी दहा अंक घेतले आणि आख्ख्या आळीत वाटले. कव्हर कोणालाच दाखवलं नाही. पहिलं पान उघडून, नावावर बोट ठेवून म्हणायच्या, "हे वाच. आधी हे वाच."