थंड पाण्याचा हौद

जर्मनीतल्या नेकार नदीच्या काठच्या त्या लहानशा गावात चारुदत्त आणि मीनलने प्लॉट घेतला तो अण्णांसाठी. हायडेलबर्गचा त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. चारुदत्त वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत, मीनल घरूनच टेस्टिंगचं काम करायची, लेक निधी चौथीत. तिघांचं त्या फ्लॅटमध्ये बरं चाललं होतं. पण चारुदत्तची आई गेल्यापासून त्याचे वडील, उल्हासअण्णा, दर उन्हाळ्यात सांगलीहून तीन महिने राहायला यायचे. मागच्या उन्हाळ्यात ते त्या जिन्यावर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि उरलेला सगळा मुक्काम त्यांनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून काढला. जन्मभर पी.टी.चे सर असलेला माणूस. सांगलीच्या घाटावर दर मे महिन्यात पोरांच्या पाठीला डबे बांधून त्यांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं होतं. तो माणूस खिडकीतून खालच्या सायकली बघत बसायचा.

ते परत गेल्यावर मीनलनेच विषय काढला. "घर बांधू या. खाली एक खोली अण्णांची. बाथरूम लागून, आणि दार थेट बागेत."

गावाच्या पोटात रोमन शहर आहे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. बाजारचौकाखाली त्या काळची मोठी कचेरी आणि सभागृह सापडलं होतं. त्यामुळे परवानगी देतानाच अट होती, की पाया खणताना पुरातत्त्व खात्याचं माणूस हजर राहील. त्यात दोन-तीन आठवडे जातील, पण घर तयार भागांचं असल्यामुळे मे महिन्यापर्यंत उभं राहील, असं आर्किटेक्टने सांगितलं होतं.

मार्चमध्ये जेसीबी आला. खात्याकडून फ्राउ वाइडनर, म्हणजे वाइडनरबाई, आल्या होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, गुडघ्याला पॅड बांधलेल्या. दुपारी त्यांनी हात वर करून यंत्र थांबवलं, खाली उतरल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. मीनल काठावर उभी होती. मातीत एक भिंत दिसत होती आणि तिच्या आतल्या अंगाला लालसर, गुळगुळीत गिलावा होता.

"विटांचा चुरा घातलाय यात," फ्राउ वाइडनर म्हणाल्या. "पाणी झिरपू नये म्हणून. म्हणजे हे कुणाचं घर नाही. गावाचं सार्वजनिक स्नानगृह आहे. हा त्यातला थंड पाण्याचा हौद असावा."

"किती दिवस लागतील?" मीनलने विचारलं.

"खरं सांगू? मला माहीत नाही."

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर चारुदत्तने अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले.

"पोहायचा हौद? तुमच्या अंगणात?"

"अंगणात नाही अण्णा. नेमका तुमच्या खोलीखाली."

"मग जागा बरोबर निवडलीत," अण्णा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना चाळाच लागला. त्यांच्या संध्याकाळी, म्हणजे इथल्या दुपारी, त्यांचा मीनलला फोन यायचा. आज काय निघालं? पाणी कुठून आणत होते? गरम पाण्याची खोली सापडली का? मीनल प्लॉटवर जाऊन फोटो पाठवायची. सांगलीत शेजारच्या सुलेखाताई अण्णांचा डबा घेऊन यायच्या, त्यांनाही ते फोटो बघावे लागत.

एप्रिल संपत आला तरी खड्डा वाढतच होता. मेमध्ये अण्णा येणार होते. त्यांच्यासाठी तळमजल्यावरचं भाड्याचं घर मिळतंय का, हे मीनल आणि चारुदत्तने महिनाभर पाहिलं. हायडेलबर्गात तीन महिन्यांसाठी घर कोण देणार? शेवटी चारुदत्तने फोन केला.

"अण्णा, सप्टेंबरला या. तोवर काहीतरी मार्ग निघेल."

"मी बसून बसून चढेन की जिना. एकदा चढलो की उतरायचं नाही, संपलं."

"नको. पुन्हा पडलात तर?"

"पडलो तर तुमच्याजवळ पडेन."

"अहो अण्णा, असं काय बोलता," मीनल मागून म्हणाली.

"बरं बरं. सप्टेंबर," अण्णा म्हणाले, आणि मग हौद किती खोल आहे ते त्यांनी विचारलं.

जुलैमध्ये हौद पूर्ण उघडा झाला. एका बाजूने आत उतरायला पायऱ्या होत्या, कडेने बसायचा कट्टा होता. अण्णांबद्दल मीनलने फ्राउ वाइडनरना सांगितलं होतं. एका शनिवारी त्या आपणहून म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांना फोन लावा. खाली या. फक्त भिंतीला हात नको."

मीनल आणि निधी पायऱ्या उतरून खाली गेल्या. मीनलने फोन सगळीकडे फिरवून दाखवला. अण्णा खुर्चीतून पुढे झुकले होते, चेहरा स्क्रीनभर.

"विचार त्यांना, तळ उताराचा आहे का?"

मीनलने विचारलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राउ वाइडनर म्हणाल्या आणि कोपऱ्यातलं भोक दाखवलं. पाणी तिथून बाहेर जायचं.

"म्हणजे धुऊन काढत होते. स्वच्छ होते लोक," अण्णा समाधानाने म्हणाले. मग त्यांनी निधीला हाक मारली. निधी पाण्याला घाबरायची. शाळेच्या पोहण्याच्या तासाला ती काठावर बसून राहायची, हे त्यांना माहीत होतं.

"निधी, त्या कट्ट्यावर पालथी झोप बघू. हां. आता हात पुढे. पाय सरळ, गुडघ्यात वाकवायचे नाहीत."

"पण पाणीच नाहीये," निधी जर्मनमध्ये म्हणाली. मीनलने मराठीत सांगितलं.

"नाहीच आहे. म्हणून तर शिकून घे. तोंड खाली, श्वास सोड. मान वळव, श्वास घे."

फ्राउ वाइडनरनी कट्ट्यावर जाड स्पंजची गादी टाकून दिली. निधी पालथी झाली आणि कोरड्या हौदात पाय मारू लागली. सांगलीहून अण्णा मोजून देत होते, एक-दोन, एक-दोन. फ्राउ वाइडनरच्या हाताखाली खणणाऱ्या मुलींनी खुरपी बाजूला ठेवली होती. निधी धापा टाकत उठली तेव्हा कपाळाला लाल माती लागली होती. अण्णांनी डोळे पुसले की चष्मा पुसला, फोनवर नीट कळलं नाही.

ऑगस्टमध्ये सांगलीत पाऊस लागून राहिला होता. अण्णांना ताप आला. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. सुलेखाताईंनी डबा तसाच परत आलेला पाहिला आणि रिक्षा बोलावली. छातीत कफ भरला होता. डॉक्टर आधी म्हणाले घाबरायचं कारण नाही, दुसऱ्या दिवशी म्हणाले मुलाला बोलवा. चारुदत्त मिळेल त्या विमानाने निघाला. निधीचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेला होता, म्हणून मीनलला मागे राहावं लागलं. दोह्याला विमान बदलताना चारुदत्तने फोन चालू केला. मीनलचा एकच मेसेज होता, "फोन कर."

त्याने फोन केला तेव्हा पलीकडे मीनल रडत होती. मग पुढच्या विमानाची घोषणा झाली.

कृष्णेचं पाणी चढलेलं होतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. अस्थी वरच्या पायरीवरूनच सोडाव्या लागल्या. अण्णांकडे शिकलेली माणसं आली होती. कुणी वकील, कुणाचं किराणा दुकान, एक पिकल्या मिशांचा हवालदार. जो तो येऊन सांगायचा, "मला सरांनी इथूनच ढकललं होतं." चारुदत्त मान हलवत होता. तेराव्यापर्यंत त्याने सगळं रीतसर केलं. कुणी त्याला रडताना पाहिलं नाही.

परत आल्यावर तो कामावर जायला लागला. घरात अण्णांचा विषय त्याने काढला नाही, प्लॉटकडे फिरकलाही नाही. सप्टेंबरच्या शेवटी फ्राउ वाइडनरनी दोघांना बोलावलं.

"हौद काढायचा नाही, असं ठरलंय," त्या म्हणाल्या. "वाळूने भरून झाकायचा, म्हणजे तो टिकेल. वरून तुम्ही घर बांधू शकता. फक्त तळघर होणार नाही."

"म्हणजे नकाशात जे होतं तेच," चारुदत्त म्हणाला.

"हो. जवळपास तेच."

"माझे वडील मेमध्ये येणार होते."

"तुमच्या पत्नीने सांगितलं. मला फार वाईट वाटलं."

"ती माणसं मरून अठराशे वर्षं झाली." चारुदत्तचा आवाज चढलेला नव्हता, तो ऑफिसात बोलतो तसंच नीट जर्मन बोलत होता. "त्यांना कसली घाई होती? ती थांबू शकली असती."

फ्राउ वाइडनरनी हेल्मेट काढून हातात धरलं. जाताना मीनलला एवढंच म्हणाल्या, की पुढच्या गुरुवारी वाळू येईल.

गाडीत चारुदत्त म्हणाला, "प्लॉट विकून टाकू."

"आणि?"

"आणि काय? ज्यांच्यासाठी बांधणार होतो ते राहिले नाहीत."

मीनल खिडकीबाहेर पाहत होती. कापून नेलेल्या मक्याची शेतं मागे जात होती. "तू सांगलीला जाऊन आलास," ती म्हणाली. "तुला भेटायला पन्नास माणसं आली. माझ्याकडे कोण आलं? मला रोज दुपारी त्यांचा फोन यायचा, चारू. रोज. आता ती वेळ झाली की मी कंपनीचा फोनसुद्धा उचलत नाही. तू घरी येतोस आणि टीव्ही लावतोस. मी कुणाजवळ बोलायचं त्यांच्याबद्दल? निधीजवळ?"

चारुदत्तने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू झाली. विकण्याचं मात्र तो पुन्हा बोलला नाही.

गुरुवारी मीनल एकटीच प्लॉटवर गेली. हौदात पांढरं जाड कापड अंथरलेलं होतं. गिलाव्याला धक्का लागू नये म्हणून पहिले थर हाताने पसरायचे होते. काम सुरू होऊन तासभर झाला असेल, तेवढ्यात चारुदत्तची गाडी आली. ऑफिसच्या कपड्यांतच होता. फ्राउ वाइडनरकडे जाऊन त्याने विचारलं, "मी मदत केली तर चालेल?"

त्यांनी नियमाबद्दल काही सांगितलं नाही. कुणाचे तरी रबरी बूट आणून दिले, हेल्मेट दिलं, फावडं दिलं.

तो खाली उतरला. वरून वाळू येत होती आणि तो ती फावड्याने पसरत होता, कोपऱ्यांतून हलक्या हाताने. सवय नव्हती. शर्ट पाठीला चिकटला. तळ झाकला गेला, मग खालची पायरी. तिच्या वरच्या पायरीपाशी वाळू पोचली तेव्हा त्याने फावडं टेकवून ठेवलं आणि तो तिथेच खाली बसला. खांदे हलायला लागले. वाळू सोडणाऱ्या माणसाने हातगाडी थांबवली. मीनल खाली उतरून त्याच्याशेजारी बसली.

मग तो म्हणाला, "तिथे जो तो सांगत होता, सरांनी मला ढकललं. मला त्यांनी कधी ढकललं नाही गं. सगळ्या पोरांना ढकलायचे. मला हात धरून न्यायचे. पोरं हसायची, मला लाज वाटायची. मी ओरडायचो, सोडा म्हणून."

"मग सोडायचे?"

"नाही."

मीनलने त्याच्या बाहीवरची वाळू झटकली. फ्राउ वाइडनर पलीकडे कशाची तरी मापं घेत होत्या, इकडे पाठ करून. संध्याकाळपर्यंत हौद भरला.

पुढच्या उन्हाळ्यात ती तिघं नव्या घरात राहायला गेली. खालच्या खोलीचं काय करायचं, यावर कधी बोलणं झालं नाही. दुपारी मीनल लॅपटॉप घेऊन तिथे बसायला लागली. ऑफिसातून आल्यावर चारुदत्त दारातूनच विचारायचा, "चहा टाकू?" आणि स्वयंपाकघरात निघून जायचा. ऑक्टोबरात एकदा तो दोन कप घेऊन आत आला. बागेकडच्या दारापाशी जमिनीवरच बसला. पानं गळायला लागली होती. दोघांनी चहा प्यायला, आणि अंधार पडला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.