ब्रीसा काय म्हणते

तोमासाबाईचा डावा कान गेलेला. उजव्याला तोंड लावून कुणी जीव खाऊन ओरडलं, तर कुठं ऐकू येई. वाचायचं म्हणाल तर अक्षराशी वैर. पण साडेसहाची मालिका चुकवली तर पुएब्लाच्या त्या गल्लीत तिला जिवंत कोण म्हणणार? म्हणून तिची सून ओफेलिया रोज टीव्हीतलं एकेक वाक्य तिच्या कानात ओरडायची.

सहा वर्षं हेच. ओफेलियाचा नवरा नेस्तोर शिकागोला गेला तो गेलाच. आधी दर रविवारी फोन, मग नुसता नाताळला, मग तोही नाही. इकडं देशातच, मोंतेरे शहरात, ओफेलियाच्या बहिणीने शिवणकारखान्यात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, सोमवारपर्यंत. आज शुक्रवार. अन् हे सासूच्या कानात ओरडायचं राहूनच जात होतं. मालिकेतलं मात्र घडाघडा.

पडद्यावर मालिकेतली सून ब्रीसा सासूच्या गळ्यात पडून रडत होती. तुम्हाला सोडून मी कुठं जाऊ, असलं काहीतरी. ओफेलियाच्या तोंडून भलतंच निघालं.

"ती म्हणते, सासूबाई, मी सोमवारी जाते. तुमच्यावर राग नाही. पण इथं माझं कोण आहे?"

तोमासाबाईचा पाव कॉफीत बुडवलेला तसाच राहिला. "मग म्हातारी काय म्हणते?"

पडद्यावरची म्हातारी सुनेचे पटापट मुके घेत होती.

"म्हणते, जा बाई, सुखी राहा."

"शहाणी आहे म्हातारी," तोमासाबाईने डोळे पुसले.

ओफेलियाचं काळीज असं हलकं झालं म्हणून सांगू. आता एवढंच म्हणायचं, सासूबाई, मीपण. तिने तोंड कानाशी नेलंसुद्धा.

तेवढ्यात शेजारीण चायो ओल्या हातानेच आत आली. भिंतीपलीकडे ती तीच मालिका बघत होती, आणि ओफेलियाचं ओरडणं तर पार चौकात ऐकू जायचं.

"कुठलं चॅनल लावलंय गं? आमच्याकडची ब्रीसा तर जागची हलत नाहीये." मग म्हातारीच्या कानाशी वाकून ओरडली, "तोमासाबाई, सून तुम्हाला उल्लू बनवतेय. ब्रीसा राहतेय."

चायो हसत हसत गेली. जाहिराती लागल्या. तोमासाबाई सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सोमवारी होय?"

ओफेलियाने होकाराची मान हलवली.

"तुझी ब्रीसा त्या रडकीपेक्षा बरी आहे. तुझी म्हातारीसुद्धा बरी. पण पोरी, मी काही मालिकेतली नाही. तू गेलीस की या घरात टीव्हीतली सगळी नुसती तोंडं हलवणार."

शिव्या घातल्या असत्या तर ओफेलिया त्याच पावली निघाली असती. जाहिराती संपल्या. म्हातारीने कान पुढं केला.

ओफेलियाने एकदा दाराकडे बघितलं. मग वाकली.

"ती म्हणते, मी कुठं जात नाही."

"हां, आता बरोबर," भिंतीपलीकडून चायो म्हणाली.