भात लावलेली वाट

नवं शहर वसवायला काय काय लागतं, हे नवनाथला आता तोंडपाठ झालं होतं. जमीन सलग लागते, मधे कुणाचा तुकडा अडून बसलेला चालत नाही. ती रुंद रस्त्याला लागून असावी लागते. पाणी कुठून आणणार आणि कचरा कुठं टाकणार, ते कागदावर दाखवावं लागतं. आदिवासीची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ही शेवटची अट ऐकून तो हसला होता, कारण डोंगरावरच्या ठाकरवाडीची खाली जमीन नव्हतीच. होती ती फक्त वाट.

पण वाटेलाही कायदा होता. कंपनीचा माणूस जितेश त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "जुनी वहिवाट निघाली तर ती मोकळी सोडावी लागेल. शहराचे दोन तुकडे होतील, नकाशा परत काढायचा, मंजुरी परत मागायची. नवनाथशेठ, वाट आहे का आतून?"

शेठ म्हटलं की नवनाथ जरा फुगायचाच. "वाट कसली? गुरं जातात," तो म्हणाला.

गुरं म्हणजे कोण, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वाडीतली पोरं त्याच वाटेनं शाळेत यायची. आजारी माणसाला झोळीत घालून त्याच वाटेनं खाली आणायचे. ती बंद झाली की अख्ख्या डोंगराला वळसा. पण कंपनीला जमीन विकायला गावातल्या सगळ्यांच्या सह्या त्यानंच जमवल्या होत्या, आणि आता सौदा फिसकटला तर गाव त्याला फाडून खाणार होतं.

म्हणून श्रावणात, पाहणीच्या आधी, त्यानं वाटेवर पॉवर टिलर फिरवला, चिखल केला आणि भात लावलं. अक्कल पाहा! विकायला काढलेली सगळी जमीन गवतात पडलेली, आणि मधोमध डोंगरापर्यंत भाताची हिरवी पट्टी, जेमतेम बैलगाडीएवढी रुंद. शेतकरी लपवायला गेला तरी लावणी करूनच लपवणार.

पाहणीला नगररचना खात्याच्या मॅडम आल्या. त्यांची नजर पट्टीवर गेलीच. "एवढं अरुंद शेत?"

"भावकीत वाटण्या झाल्यात ना, मॅडम," नवनाथ म्हणाला. मागं गावातले चारजण उभे होते. त्यांनी माना डोलावल्या.

"मग वाडीवरचे लोक येतात कुठून?"

"पलीकडून."

तेवढ्यात वरून कोंडीबाय येताना दिसली.

कोंडीबाय वाडीतली म्हातारी. नवनाथच्या घरची लावणी-कापणी तिच्या सासूपासून तिच्याच घराकडं. रानात कंटोलीची भाजी धरली की पहिली पाटी नवनाथच्या घरी, मग बाजारात. हा रिवाज कुणी घालून दिला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. आजही डोक्यावर पाटी घेऊन, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, एकाही रोपावर पाय पडू न देता ती भाताच्या कडेकडेनं उतरत होती.

"आजी, तुम्ही नेहमी इथूनच येता का?" मॅडमनी विचारलं.

कोंडीनं मॅडमकडं पाहिलं, जितेशच्या हातातल्या नकाशाकडं पाहिलं, मग नवनाथकडं. त्यानं मान खाली घातली. उभा जन्म लावणीत गेलेल्या बाईला ते भात कशाला लावलंय हे वेगळं सांगावं लागलं नाही.

"नाय गं बाय," ती म्हणाली. "हितं कुठं वाट? म्हातारी झाले, चुकले."

मॅडम लिहू लागल्या. जितेशनं सुटकेचा निःश्वास टाकला. नवनाथलाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्याला लाज वाटली, भर बाजारात कुणी अंगावरचे कपडे ओढून न्यावेत तशी. ज्या घराला पहिली भाजी द्यायची, त्या घराला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, एवढंच तिनं पाहिलं होतं. त्यापायी वाडीची वाट गेली तरी.

कोंडीनं पाटी त्याच्या पायाशी ठेवली. "घरात दे रं," म्हणाली आणि वळली. पण भाताच्या कडेनं गेली नाही. वाट नाही म्हटल्यावर वाटेनं कशी जाणार? ती सरळ करवंदीच्या जाळीत शिरली. पदर काट्यात अडकला, तो तिनं ओढून सोडवला. दंडावर ओरखडा उठला. तरी ती थांबली नाही.

"शेठ, पंचनाम्यावर सही करा," जितेश म्हणाला.

नवनाथनं पेन घेतलं. जाळीत फांद्या मोडत होत्या. पेन तसंच हातात ठेवून तो ओरडला, "कोंडीबाय! अगं वाटेनं जा ना! वाटेनं जा!"

मॅडमनी मान वर केली. जितेशनं कपाळाला हात लावला.

"कुठली वाट, नवनाथा?" जाळीतून आवाज आला.

तो टोमणा नव्हता. म्हातारी अजून त्याचीच बाजू राखत होती. नवनाथनं चपला काढल्या, चिखलात उतरला आणि मॅडमच्या देखत भात उपटायला लागला.